गौरवीची सुई

लग्न होऊन कारापूरला गेली की गौरवी दर तीन आठवड्यांची औषधाची सुई घेणं बंद करणार, हे सुविधाच्या मनात एकदा शिरलं आणि तिथून हलेना. नारळ खोवताना, साड्यांना फॉल लावताना, नवऱ्याशी मांडवाचं बोलताना ते मध्येच वर यायचं आणि हातातलं काम थांबायचं. तसं कोणी तिला सांगितलं नव्हतं. उलट गौरवी हसून म्हणायची, "आई, कारापूर काय आफ्रिकेत आहे? पार्सेहून नाश्ता करून निघालं तर जेवणाआधी पोचता येतं." पण सुविधाला त्या हसण्याचीच धास्ती होती. पोरीच्या जन्मापासून ती हे हसू बघत आली होती. आपल्याला त्रास होणार असला की गौरवी अशीच हसायची आणि समोरच्याला हवं ते देऊन मोकळी व्हायची.

देण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. लहानपणी सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलीचा पोंपों ऐकला की ती उंडे आणायला धावायची, आणि घरी येईपर्यंत पिशवीतला एक उंडा वाटेतल्या कुत्र्याला गेलेला असायचा. शाळेत तिची पेन्सिल कधी टिकली नाही. ओरडायला तोंड उघडावं तर ती नकला सुरू करायची. मास्तरांची, बाबांची, आणि गंगाआतेची तर अशी, की खुद्द गंगाआते पोट धरून म्हणायची, "माजोच आवाज गो! मेले, माका चोरलंस तू!"

गंगा ही गौरवीच्या बाबांची, यशवंतची, थोरली बहीण. तिला गावातच दिलेली, त्यामुळे सासरी जेवायची आणि माहेरी हुकूम चालवायची. गणपतीत चवथीच्या फुगडीचं पथक तिचं. पदर खोचून ती अंगणात उभी राहिली की चार लेकरांच्या आयासुद्धा शाळकरी पोरींसारख्या वेळेवर हजर व्हायच्या. गौरवीचा गळा तिनेच ओळखला. पुढे गाणारी हवी ती अशी, की तिने ओळ टाकली की मागच्या बायकांचे पाय आपोआप उचलले जावेत. गौरवी तेरा-चौदा वर्षांची असल्यापासून ती ओळ टाकत होती.

तो गळा मात्र त्याही आधीपासून दुखायचा. दरवर्षी काजूच्या हंगामात यशवंतच्या बागेत घरचे सगळे बोंडू वेचायला जात, आणि आठवड्याभरात गौरवी तापाने फणफणायची. सगळ्यांकडे उत्तर तयार होतं. बोंडू खाल्ले, घसा धरला. आता बोंडूने घसा धरतो हे खोटं नाही. तुरट बोंडू चोखला की घशाला आवळ बसते, थोडा खोकला येतो. पण बोंडूने ताप येत नाही. बोंडूने जबड्याच्या कोपऱ्याखाली लिंबाएवढी गाठ येत नाही. थुंकी गिळताना पोर डोळे गच्च मिटून घेत नाही. गावात प्रत्येकाच्या घरी काजू आणि प्रत्येकाला लहानपणी कधीतरी धरलेला घसा, त्यामुळे कोणी दुसरं काही ऐकूनच घेत नसे. गंगा हळद-चुन्याचा लेप घेऊन यायची, गळ्याला बाहेरून चोपडायची आणि म्हणायची, "कॉलेजात गेल्यान म्हणून सगळ्याक डॉक्टर होयो हिका. आमचे घसे काय धरूक नाय?"

सुविधा डिचोलीची. लग्नाआधी बी.एस्सी. झाली होती आणि पार्सेत येऊन मुलांच्या शिकवण्या घेत होती. हा टोमणा तिने इतक्या वेळा गिळला होता की त्याची चवही कळेनाशी झाली होती. तिने बॅटरी लावून पोरीचा घसा पाहिला. पडजिभेच्या दोन्ही अंगांना दोन लालबुंद गोळे, जवळजवळ एकमेकांना टेकलेले, आणि त्यांवर दही शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके. तशीच पोरीला उचलून ती पेडण्याला डॉक्टरीणबाईंकडे गेली.

त्या बाईंनी नीट समजावून सांगितलं. टॉन्सिल सगळ्यांनाच असतात. श्वासातून, खाण्यातून जे जंतू आत येतात त्यांना घशाच्या तोंडाशी अडवायचं त्यांचं काम. आपण वेशीवरचे राखणदार म्हणतो ना, तसे हे घशातले. लढताना सुजतात. बहुतेक वेळा साध्या सर्दीचा विषाणू असतो. नाक गळतं, खोकला येतो, आवाज बसतो. त्याला मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, पेज आणि विश्रांती पुरे. त्यावर जंतू मारायच्या गोळ्या खाऊन काही होत नाही. पण सर्दी नाही, खोकला नाही, नुसता ताप आणि गिळताना जीव जातो, गाठी दुखतात, टॉन्सिलवर पांढरं दिसतं, तेव्हा दुसऱ्या जंतूचा संशय घ्यायचा, तपासून घ्यायचं. "तो निघाला तर गोळ्या पुऱ्या दहा दिवस. तिसऱ्या दिवशी पोर उड्या मारायला लागली तरी पुऱ्या दहा दिवस. कळलं?"

सुविधाला कळलं. तिने प्रत्येक वेळी पुरे दिवस गोळ्या दिल्या. पण पोर मोठी झाली, कॉलेजात गेली आणि गोळ्यांची पट्टी आईच्या हातातून तिच्या स्वतःच्या पर्सेत गेली.

त्या वर्षीची चवथ आठवली की सुविधाच्या कानशिलावरची शीर आजही उडायला लागते. गौरवी अठराची होती. म्हापशाला फुगडीची स्पर्धा होती, गंगाच्या पथकाने रोज संध्याकाळी अंगण दणाणून सोडलं होतं. स्पर्धेच्या पाच दिवस आधी गौरवीला ताप भरला. डॉक्टरीणबाईंनी घसा पाहिला, कापसाची काडी फिरवून तपासणी केली आणि दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, आवाज सुटला. इकडे पथकातल्या तीन-चार बायकांचे आवाज बसले होते. बसणारच. रोज दोन तास ओरडून गायल्यावर कोणाचा बसणार नाही? त्यांना गप्प बसायला सांगितलं असतं तर दोन दिवसांत आवाज परत आला असता. पण गंगाने हुकूम काढला.

"गौरवीक गुण इलो मा? मग त्योच गोळ्यो सगळ्यांक वाट."

आणि गौरवीने वाटल्या. देवळातला प्रसाद वाटावा तशा हसत हसत, प्रत्येकीच्या तळहातावर दोन-दोन. ज्यांना गोळ्यांची काडीची गरज नव्हती त्यांनी त्या गूळपाण्याबरोबर गिळल्या आणि जिला गरज होती तिची पट्टी रिकामी झाली. पथक पहिलं आलं. ट्रॉफी गंगाच्या घरी काचेच्या कपाटात आहे. बायका अजून सांगतात, "त्या वर्सा गौरवीच्या गोळ्यांनी नंबर आयलो." सुविधाला हे बऱ्याच उशिरा कळलं. तिला वाटत होतं, पोर पर्स उघडून गोळी घेते आहे, म्हणजे घेते आहे.

दसऱ्याच्या सुमारास गौरवीचा उजवा गुडघा सुजला. गंगा म्हणाली, फुगडी घालून सुजला. तिळाच्या तेलाने चोळला. चार दिवसांत गुडघा उतरला आणि घोटा सुजला. घोटा उतरला आणि मनगट. सूज पोरीच्या अंगातून फिरत होती, बिऱ्हाड बदलल्यासारखी. गंगा म्हणाली, स्पर्धेत सगळ्यांच्या नजरेत भरली, दीठ लागली. मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. यशवंत म्हणाला, थांब, काजूबागेचं काम आटपलं की बघू. मग एक दिवस गौरवी बागेची चढण चढताना मध्येच दगडावर बसली आणि म्हणाली, "आई, पुढं जायला दम नाही." ओठ निळसर दिसत होते. सुविधाने कोणाला विचारलं नाही. शेजाऱ्याची गाडी काढायला लावली आणि पोरीला बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात नेलं.

तिथे तिला जे सांगितलं गेलं ते तिने परतीच्या वाटेवर पाठ केल्यासारखं मनात म्हटलं. घशातला तो जंतू अर्धवट मेला. त्याला मारायला शरीराने जी फौज उभी केली, तिला शत्रू आणि घरचे यांतला फरक कळेनासा झाला. ती सांध्यांवर चालून गेली, मग काळजावर. सांध्यांची सूज उतरते. काळजाच्या झडपेवर पडलेला वण उतरत नाही. गौरवीच्या एका झडपेला बारीकशी गळती होती. बारीकशीच. औषधपाणी नीट केलं तर शिकता येईल, नोकरी करता येईल, लग्न, मुलंबाळं, गाणं, सगळं करता येईल. पण तो जंतू पुन्हा घशात येऊन ताप उसळला, तर प्रत्येक वेळी झडप आणखी बिघडेल. म्हणून दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनची सुई. कित्येक वर्षं. चुकवायची नाही.

सुई कमरेखाली, जाडजूड औषधाची. दिवसभर पाय उचलवत नाही. पहिल्या वेळी गौरवी रडली. नंतर ती लंगडत चालून गंगाआतेची नक्कल करायची आणि हसायची.

तरी घसा दुखणं काही थांबलं नाही. टॉन्सिल पुन्हा पुन्हा सुजत, वर्षात सहा-सात वेळा, त्यातले निम्मे ताप नुसते सर्दीचे. पण प्रत्येक वेळी घरात सगळ्यांचा जीव टांगणीला. शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं, काढून टाकू. त्या दिवशी गंगाने घर डोक्यावर घेतलं.

"राखणदार म्हणालंस मा तू? राखणदाराक कोणी कापून काढता? आणि गळो गेलो तर? चेडवाचो गळो म्हणजे तुका काय कोयत्यान छाटूचो माड वाटलो?"

यशवंतही बावरला. आवाज जाईल, ही भीती गावात घरोघरी होती. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की आवाज येतो तो खाली स्वरयंत्रातून, टॉन्सिलचा त्याच्याशी संबंध नाही. घसा पंधरा दिवस दुखेल, कानात कळा येतील, मग गा. राखण करणाऱ्या गाठी घशात आणखीही आहेत, शरीर उघडं पडत नाही. आणि जाता जाता त्यांनी एक वाक्य सांगितलं. सुविधाने ते ऐकलं. यशवंतने आणि गंगाने ऐकल्यासारखं केलं. "टॉन्सिल काढले तरी सुई चालूच. जंतूला घशात बसायला टॉन्सिलच लागतात असं नाही."

ऑपरेशन झालं. महिनाभराने गौरवी अंगणात गायली. आवाज होता तसाच, थोडा मोकळाच. गंगाने भर अंगणात तिची अलाबला घेतली आणि त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली. मूळच काढून टाकलं. आता रोग कुठला?

गौरवी गावच्या बालवाडीत शिकवायला लागली. पोरं तिच्यावर जीव टाकायची. एखादं पोर डबा उघडून बसलं आणि खात नाही असं दिसलं की ती त्याला जनेलापाशी, खिडकीच्या उजेडात न्यायची, "आ कर बघू, वाघोबासारखा," आणि घसा बघायची. पांढरं दिसलं की त्याच्या आईला निरोप जायचा. "डॉक्टरांकडे न्या. गोळ्या दिल्या तर पुऱ्या संपवा, हं. उरवायच्या नाहीत, कोणाला द्यायच्या नाहीत." ते वाक्य ती इतकं ठासून म्हणायची की ऐकणाऱ्या आयांना ती थोडी कडकच वाटायची. सुविधाला त्यावेळी वाटलं होतं, पोर शिकली.

मग कारापूरचं स्थळ आलं. आणलं अर्थात गंगाने. एका स्पर्धेत कारापूरच्या पथकाबरोबर रुक्मिणीबाई आल्या होत्या. त्यांचं बाजारात पशुखाद्याचं छोटं दुकान, मुलगा देवेश वीज खात्यात. रुक्मिणीबाईंना गौरवीचं गाणं आवडलं, नंतर गौरवी आवडली, देवेशला तर बघताक्षणी. तो मुलगा खरोखर चांगला होता. साखरपुड्याच्या दिवशी त्याने गौरवीला हळूच काही विचारलं आणि ती खरं हसली, ते दुसरं हसू नव्हे. सुविधाने ते बघितलं. म्हणूनच तिला वाटत राहिलं, की सगळं सांगितलं गेलं असणार. "मी बोलतो त्यांच्याशी," असं यशवंत म्हणाला होता. नवऱ्याच्या शब्दावर विसंबली ती.

तो विश्वास मोडला पेडण्याच्या बाजारात. काजूचे दिवस, लग्नाला जेमतेम महिना. आरोग्य केंद्रातली नर्स भाजी घेत उभी होती. सुविधाला बघून म्हणाली, "काय, लगीनघाईत गौरवीला वेळच नाही वाटतं? मागच्या वेळी आली नाही, त्याच्या आधीही नाही."

सुविधाच्या हातातली वालीच्या शेंगांची जुडी तशीच राहिली. त्या दोन्ही दिवशी गौरवी घरातून वेळेवर निघाली होती. एकदा तर संध्याकाळी लंगडून दाखवलं होतं.

घरी आली तर गौरवी चुलीपुढच्या पाटावर बसून चहात उंडा बुडवत होती. बुडवला, तोंडात घातला आणि गिळताना डोळे मिटले. गच्च. सुविधाने चप्पलही काढली नाही. कपाळाला हात लावला तर चटका बसला.

"किती दिवस?"

"कालपासून. बोंडू खाल्ला असेल गो आई."

"बोंडू?" सुविधाचा आवाज असा चढला की अंगणातली मांजर पळाली. "बालवाडीच्या पोरांचे घसे बघतेस आणि मला बोंडू सांगतेस? दोन सुया चुकवल्यास. मला लंगडून दाखवलंस! नकला करायला मी काय स्टेज आहे तुझं?"

गौरवी आधी हसली. मग हसू पुरलं नाही. "कारापूरला जाऊन कोणाला विचारू सुई कुठे देतात? सासूबाई विचारतील कसली सुई, तर काय सांगू? आते म्हणाली, सोडून बघ महिना-दोन महिने, इथं असतानाच. काही झालं नाही तर सुटलीस. टॉन्सिल तर काढलेच आहेत."

"आणि बाबा?"

गौरवीने कप खाली ठेवला. "बाबांना माहीत आहे. त्यांनी कारापूरला टॉन्सिलचं ऑपरेशन झालं एवढंच सांगितलंय."

सुविधाला आधी वाटलं आपण रडणार. पण रडू आलंच नाही. चप्पल पायात होतीच. ती बागेत गेली. यशवंत आणि गंगा बोंडू मळून रस काढायच्या दगडी कुंडीपाशी, कोळंबीपाशी, होते. रसाचा आंबूस गोड वास, माश्या, आणि गंगा एका गड्याला दरडावत उभी. सुविधाला येताना बघून म्हणाली, "आयली बघ मास्तरीण. काय गो, तोंड कित्याक असां?"

"पोरीला ताप आहे."

"अगो, बोंडवाचे दीस—"

"बोंडूचं नाव काढू नका, गंगाबाय! तिच्या लहानपणापासून ऐकतेय. बोंडू, फुगडी, दीठ. तुमच्या त्या कपाटातल्या ट्रॉफीसाठी माझ्या पोरीच्या गोळ्या वाटल्यात तुम्ही. आता लग्नासाठी सुई बंद करायला लावलीत."

गंगाचा चेहरा लाल झाला. "माका काय ता परक्याचा? मी हातावर वाढवलंय तिका! मूळच काढून टाकला मगो, सुई कित्याक आणि? कारापूरवाल्यांक काय सांगतलंस, चेडवाचा काळीज मोडका? उद्या लगीन मोडला तर कोण करतलो तिका? तू?"

"लग्न मोडू दे," सुविधा म्हणाली. "पोर मोडायची नाही मला."

"हळू बोल गो," यशवंत आजूबाजूला बघत म्हणाला. माणसं काम थांबवून बघत होती. "मी सांगणारच होतो. लग्न होऊ दे, एकदा रुळली की सावकाश सांगितलं असतं. आता सांगितलं तर लोक काय—"

"सावकाश कधी? दिवस गेल्यावर? बाळंतपणात धाप लागली की तिथल्या डॉक्टराला कोण सांगणार झडपेचं? तुम्ही पार्सेत बोंडू मळत असाल, आणि ती तिथे हसत बसेल. तुमचीच पोर ना ती? तिला 'नको' म्हणता येत नाही हे ठाऊक नाही तुम्हाला? ठाऊक आहे, म्हणूनच तिच्या गळ्यात बांधलंत हे!"

यशवंत खाली वाकून सांडलेले बोंडू गोळा करायला लागला. गंगा पदराने तोंड पुसत राहिली. घाम होता की आणखी काही, ते सुविधाने बघितलं नाही. बघायची इच्छाही नव्हती.

तिने स्कूटर काढली आणि गौरवीला मागे बसवून पेडण्याला नेलं. डॉक्टरीणबाईंनी घसा पाहिला. टॉन्सिलच्या जागी आता नुसते खळगे, पण मागची भिंत लाल आणि गाठी सुजलेल्या. काडी फिरवून तपासणी घेतली, छातीला नळी लावून खूप वेळ ऐकलं. सुई तिथल्या तिथे दिली. पुढच्या आठवड्यात बांबोळीला जाऊन काळजाची सोनोग्राफी करायला सांगितली. मग चष्मा काढून गौरवीकडे बघितलं.

"आज वेळेवर आलीस. प्रत्येक वेळी येशील?"

गौरवीने मान हलवली. ती हो होती की नाही, सुविधाला कळलं नाही, आणि न कळणं तिला आता सहन होण्यापलीकडचं होतं. बाहेर येऊन तिने स्कूटरची किल्ली लावलीच नाही.

"एकतर तू सांग, नाहीतर मी सांगते. आजच."

"सांग मग!" गौरवी रस्त्यातच ओरडली, बसलेल्या घोगऱ्या आवाजात. "लाउडस्पीकर लावून सांग! सगळ्यांना काही ना काही सांगायचंच असतं माझ्याबद्दल. आते म्हणते सांगू नको, बाबा म्हणतात नंतर सांग, तू म्हणतेस आज सांग. मला काय हवंय ते कोणी विचारलंय कधी?"

बसची वाट बघणारी माणसं वळून बघायला लागली. सुविधाला राग आला, आणि त्या रागातच पोरीचं म्हणणं खरं आहे हेही दिसलं.

"बरं, विचारते. काय हवंय तुला?"

गौरवी एका पायावर भार टाकून उभी राहिली, दुसरा सुईने ठणकत होता. "मला देवेश हवाय," ती म्हणाली. "आणि सुई चुकवायची नाहीय. खरंच नाही. त्या दोन्ही दिवशी मी केंद्राच्या दारापर्यंत गेले होते गो. पण त्याला सांगायला लागले की शब्दच फुटत नाही. तो मला म्हणाला होता, तू किती हसतेस. मी त्याला काय सांगू?"

"मी बोलले तर चालेल?"

"तू त्यांच्यावर ओरडशील."

"नाही ओरडणार. ओरडायचं होतं ते बागेत ओरडून झालं."

गौरवीच्या तोंडून हसूच फुटलं असतं, पण घसा दुखला. "आधी सासूबाईंशी बोल," ती म्हणाली. "देवेशला मी सांगेन. त्या गोष्टी करतात माझ्याशी. सकाळपासून दोनदा फोन केलाय त्यांनी, चोळीच्या मापासाठी. मी उचलला नाही."

घरी येऊन सुविधाने तिला पेज दिली आणि झोपवलं. दुपार कलली होती. यशवंत बागेतून परत येऊन बाहेर सोप्यावर बसला होता, अंगाला अजून बोंडवाचा वास. सुविधा फोन घेऊन बाहेर आली तेव्हा त्याने वर बघितलं.

"कोणाला?"

"कारापूरला."

तो उठला. तिला वाटलं हात धरेल, आणि धरला असता तर तिने तो झिडकारायची तयारी करून ठेवली होती. पण तो उभाच राहिला. "विचार कर गो," तो म्हणाला. "एकदा तोंडातून गेलं की परत घेता येत नाही."

"ठाऊक आहे. म्हणून तर करतेय."

काय बोलायचं ते तिने मनात जुळवलं. तुमच्या घरी येणाऱ्या मुलीला दर तीन आठवड्यांनी एक सुई लागते. ती का लागते ते सगळं सांगते, लपवाछपवी नाही. तुम्हाला चालणार नसेल तर आज सांगा, आम्ही शब्द परत घेतो, तुमच्यावर बोल ठेवणार नाही. आणि चालणार असेल, तर सुईच्या दिवशी ती हसून "जाऊन आले" म्हणेल, तिच्यावर विश्वास ठेवू नका; कोणीतरी बरोबर जा.

तिने रुक्मिणीबाईंचा नंबर काढला आणि दाबला. पलीकडे घंटी वाजायला लागली.